झगेवालीची फुगडी

पेटी मंगळवारी आली. लेकीने परदेशातून मागवून पाठवली होती, सोबत एक छोटा रेकॉर्ड प्लेअरही. वरचा कागद फाडला आणि तिसऱ्या पाकिटावर तोच जांभळा झगा दिसला, तोच कमरेवर ठेवलेला हात, तीच कोणाकडे तरी रागाने बघणारी मान. आमच्या घरातल्या पाकिटावर पावसाळ्यांनी बुरशीचे पांढरे ठिपके काढले होते. इतकी वर्षं मला वाटायचं, ते ठिपके झग्यावरचेच आहेत. नव्या पाकिटावर झगा साधा निघाला, आणि मला उगाचच वाईट वाटलं.

या बाईचं खरं नाव आमच्या वाडीत कोणालाच नीट घेता यायचं नाही, आणि घ्यायचा प्रयत्नही कोणी केला नाही. ती झगेवाली. तिच्या तिन्ही रेकॉर्डी आता पुन्हा काढल्यात. जाड कागद, सुरेख छपाई, सोबत एक पुस्तिका. पुस्तिका सांगते की ही बाई कितीतरी वर्षं इतरांच्या मागे उभी राहून गायली. मग तिच्या स्वतःच्या तीन रेकॉर्डी निघाल्या, तिन्ही पडल्या. पुढे ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. आता जाणकार म्हणतायत, अरे, हिच्याकडे आपलं लक्ष कसं गेलं नाही? मी मनात म्हटलं, तुमचं गेलं नसेल. मालवण ते तारकर्ली रस्त्यावरच्या एका वाडीतल्या वीस-बावीस बायकांचं चांगलं गेलं होतं.

मी सुई टेकवली. ढोल सुरू झाला आणि मी दचकलेच. गाणं पहिल्या ठोक्यापासून भरधाव होतं. माझ्या कानातली झगेवाली अशी गात नव्हती. ती जड, रेंगाळत्या, जवळजवळ पुरुषी आवाजात सुरुवात करायची आणि हळूहळू मोकळी होत जायची. मी गाणं थांबवलं, परत लावलं. तसंच. आणि मग एकदम उमगलं की या गाण्यावर आईचं बोट नाही.

हे बोटाचं सांगण्याआधी दुसरं एक सांगायला हवं, कारण पेटी आली तेव्हा माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. यंदा गणपतीला माहेरी जायचं की नाही, याचा घोळ मी महिनाभर घालत होते. हे गेले त्याला दोन वर्षं होतील. गेल्या वर्षी वर्ष पाळायचं म्हणून गेले नाही, ते ठीक. यंदा मात्र काही कारण नव्हतं. तेवढ्यात वहिनीचा निरोप आला, ‘ताई, गौरी गेल्या की निवांत या.’ त्या ‘निवांत’चा अर्थ न कळायला मी काही त्या घरात नवी नाही. गौरीसमोर फुगडी असते, आणि फुगडीत नवरा गेलेली बाई नसते. वहिनीच्या मनात वाईट नव्हतं, ती मला अवघडलेपणातून वाचवत होती. आणि खरं सांगते, मी ‘बरं’ लिहून मोकळीही झाले होते. मला कोणी अडवलं नव्हतं. मीच कोल्हापुरातल्या दोन खोल्यांत शहाण्या बाईसारखी बसले होते.

बाबा मालवाहू बोटीवर होते. आठ-दहा महिने बोट, दोन महिने घर. ते आले की घराला साबणाचा, सिगारेटचा आणि इंजिनाच्या तेलाचा एकत्र वास यायचा. शेवटच्या खेपेला त्यांनी मशीन आणलं. लाल रेक्झिनची, सुटकेससारखी उघडणारी पेटी, सहा मोठ्या सेलवर चालणारी. सोबत झगेवालीच्या तीन रेकॉर्डी. कुठल्याशा बंदरात दुकानाच्या दारातल्या खोक्यात त्या टाकून दिल्यासारख्या पडल्या होत्या म्हणे. बाबा म्हणायचे, “ही बाय पोटातसून गाता, घशातसून नाय.” पडवीत लुंगी गुडघ्यावर घेऊन ते रेकॉर्ड पुसायचे आणि आई मासळीची पाटी धुता धुता ऐकायची. तिला एक अक्षर कळत नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी तिने ती चाल गुणगुणायला घेतली, आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर मालवणी शब्द चढवले. गाणं माशांवर की सासूवर, ते आता आठवत नाही.

मग बाबा गेले. कसे आणि कुठे, ते इथे लिहीत नाही. मी नऊ वर्षांची होते.

त्याआधी आमच्या वाडीची फुगडीची गाणारी म्हणजे आईच. मालवणच्या बाजारात मासळी विकून कमावलेला गळा. ती गाणं उचलायची, बाकीच्या मागून म्हणायच्या, आणि तिच्या आवाजावर रिंगण फिरायचं. गौरीच्या दुपारी आमच्या घरात कसा वास असायचा! गणपतीवर टांगलेल्या माटीच्या लाकडी चौकटीवर रानातली फळं, कवंडळं, आंब्याचे टाळे, सुपात तेरड्याची गौर, आतून हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्यांची वाफ, आणि ओल्या लुगड्यांचा, खोबरेलाचा, अबोलीच्या वळेसरांचा वास. बायका पदर खोचायच्या. तोंडाने ‘फू फू’ असा ताल धरायच्या. जमीन शेणाने सारवलेली, त्यावर वीस जणींच्या टाचा. तो आवाज मी अजून पायांनी ऐकते.

बाबा गेल्याचं वर्ष सरलं आणि घरात परत गणपती बसला. गौरीच्या दुपारी बायका जमल्या. आई आत, रांधपाच्या खोलीच्या उंबऱ्यापलीकडे, पातोळ्यांच्या टोपाशी. तिला कोणी बोलावलं नाही. कोणी ‘येऊ नको’ असंही म्हटलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलायच्या नसतात, त्या आपोआप होतात. थोरल्या काकीने, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या बायकोने, दुसऱ्या एका बाईला गायला लावलं. ती बिचारी दोन ओळी गायली आणि तिसरी विसरली. कोणी उजवीकडे गेलं, कोणी डावीकडे, दोघींची डोकी आपटली. हसून हसून सगळ्या बसल्या खऱ्या, पण फुगडी काही झाली नाही. काकी गौरीसमोर हात जोडून म्हणाली, “पोरी, समजान घे गो.” आई टोपातलं पाणी बघत होती.

दुसऱ्या दिवशी बायका परत आल्या तेव्हा आई उंबऱ्याच्या आतल्या अंगाला पाट मांडून बसली होती, आणि पुढ्यात लाल पेटी उघडी. सकाळभर तिने सेल उन्हात ठेवले होते, म्हणजे तेवढीच त्यांना धुगधुगी येते.

काकी म्हणाली, “ह्यां काय नवीन काढलंस गो?”

“काय नाय वैनी. तुमका गाणारी होयी मा? ही गातली.”

“आणि तू?”

“मी खंय खेळतंय? मी मशीन फिरयतंय.”

काकीने पदर खोचला. मशीन कोणी फिरवावं याबद्दल वाडवडिलांनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

फुगडी सावकाश सुरू होते आणि वाढत जाते, हे ज्यांनी घातलीय त्यांना सांगायला नको. झगेवालीला हे कोणी सांगणार? ती पहिल्यापासूनच सुसाट. तर आईने काय केलं, फिरत्या तबकडीच्या कडेवर तर्जनी टेकवली. जरा दाब दिला. गाणं जड झालं, झगेवाली पोटातून घुमायला लागली, ढोल डुलत डुलत यायला लागला. बायकांनी हात धरले, पाय टाकले. आईचे डोळे उंबऱ्यापलीकडच्या पायांवर. पाय जुळले की बोट कणभर सैल. अजून जुळले, अजून सैल. असं करत करत बोट उचललं की झगेवाली पूर्ण सुटायची आणि रिंगण गरगरायला लागायचं. आणि अगदी शेवटी आई वेगाचा खटका पुढे सारायची, तेहतीसवरून पंचेचाळीसवर. मग झगेवालीचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा व्हायचा, बायका किंचाळायच्या, कुणाचा अंबाडा सुटायचा, कुणाच्या बांगड्या फुटायच्या, आणि रिंगण हसत हसत जमिनीवर कोसळायचं.

कोणाला दम लागला की आईला पायांवरून कळायचं, ती बोट टेकायची. बाजारात पाठीमागून तिच्याबद्दल बोलणारी एक बाई होती, तिची पाळी आली की मात्र बोट जे उचललं जायचं ते टेकायचंच नाही. बाई धापा टाकत ओरडायची, “गो, झगेवालीक आवर!” आई तोंड पाडून म्हणायची, “ती माजा आयकणा नाय.” मी आईच्या मागे बसून हे बघायची. तेव्हा मला वाटायचं, आईला किती मजा येतेय. आता वाटतं, तिला किती राग आला असेल.

वाडीत असं एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी बायका येता येताच ओरडल्या, “झगेवालीक लाव गो!” ऐन रंगात सेल संपले. आईचं बोट वर होतं तरी गाणं खोल खोल जायला लागलं, पाय चुकायला लागले. आणि आईने, मला वाटतं तिच्याही नकळत, चाल उचलली. उंबऱ्याच्या आतून, बसल्या जागेवरून, बाजारात तीन रस्ते पलीकडे ऐकू जाणाऱ्या गळ्याने. रिंगण थांबलं नाही. दोन वर्षांनी त्या घरात तो आवाज उमटला होता. मला रडू आलं, आणि मी ते कोणाला दिसू नये म्हणून पातोळ्यांचा टोप उगाच हलवला.

फुगडी संपली. थोरली काकी रिंगणातून निघाली, उंबऱ्याशी आली आणि तिने हात पुढे केले. फुगडीत धरतात तसे, एकावर एक.

“ये गो. सेल संपले. आता तूच गाणारी.”

मी मनात म्हणत होते, उठ आये, उठ. आई त्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माका एकटीक नको, वैनी. जनीक बोलवा. ती इली की मी इलंय.”

जनी वाडीच्या टोकाला, माडांच्या पलीकडे राहायची. वय असेल चोवीस-पंचवीस. नवरा होडीवर गेला तो परतला नव्हता. ती गौरी बघायलासुद्धा यायची नाही. आई निदान उंबऱ्यापर्यंत होती, जनी स्वतःच्या घराबाहेरही पडायची नाही त्या दिवसांत.

काकी म्हणाली, “जनी पोर आसा. तिचा वेगळा. लोक काय म्हणतले?”

“लोक म्हणजे कोण, वैनी? आपणच मा?”

काकीचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग तिने ते पदराला पुसले आणि आत घेतले. त्या वर्षी आई उठली नाही. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मला आई रिंगणात हवी होती, जनीशी मला काय करायचं होतं? अकराव्या वर्षी माणूस असंच असतं.

त्याच्या पुढच्या वर्षी आईने पेटी उघडली, रेकॉर्ड चढवली आणि सुई टेकवलीच नाही. हात मांडीवर ठेवून बसली. बायका पदर खोचून उभ्या.

“लाव गो.”

“जनी खंय?”

काकी भडकली. “गौरीक अडवतंस तू?”

“गौरीक कोण अडवता? तुमी गावा, खेळा. मशीन माजी आसा.”

बाहेर भुरभुर पाऊस. काकी तरातरा पायरी उतरली, डोक्यावर इरलंही नाही. आम्हांला वाटलं, रागावून गेली. वीसेक मिनिटांनी आली ती जनीला मनगटाला धरून. जनीच्या अंगावर घरातलंच लुगडं, पदर डोक्यावरून नाकापर्यंत. काकीचं मन त्या माडांखालून जाताना कसं फिरलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

काकीने आईला पाटावरून जवळजवळ ढकललं. “उठ. मी फिरयतंय मशीन. ह्यां काय जेवाण करूचा आसा?”

आणि तिने सुई टेकवली ती गाण्याच्या मधोमध. बोट लावणं तिला माहीत नव्हतं. झगेवाली एकदम पुऱ्या जोरात सुटली. आईने उंबरा ओलांडला, जनीचे दोन्ही हात धरले आणि पहिल्या पावलापासून दोघी भरधाव. जनीचा पदर घसरला, मग सुटला. ती आधी रडत होती, मग ओरडायला लागली, मग नुसती ‘फू फू’. आईचे पाय मी तीन वर्षांनी जमिनीवरून उचललेले पाहिले. काकी मशीनपाशी बसून टाळ्या वाजवत होती आणि सारखी म्हणत होती, “माका जमता, माका जमता.” तिला काडीचंही जमत नव्हतं.

त्यानंतर आमच्या वाडीत तो प्रश्न उरला नाही, असं मला वाटायचं. मी शिकायला, मग नोकरीला, मग लग्न होऊन घाटावर आले. लाल पेटी खाऱ्या हवेने गंजली, रेकॉर्डी कुठे गेल्या कळलं नाही. मध्ये कधीतरी थोरले काका गेले. आईने फोनवर सांगितलं की काकी गौरीला येत नाही. “किती सांगलंय, पण घरातच बसान रवता.” मला तेव्हा काकीचा राग आला होता. जनीला ओढून आणणारी बाई स्वतः कशी बसली? आता राग नाही. दुसऱ्यासाठी उंबरा ओलांडायला जो जोर लागतो, त्याहून स्वतःसाठी जास्त लागतो. मी स्वतःच बसले होते ना.

त्या मंगळवारी मी ते गाणं पाच वेळा ऐकलं. सहाव्या वेळी फोन उचलला. वहिनीला म्हटलं, “मी गौरी यायच्या आदल्या दिवशी येतेय.” ती म्हणाली, “या की ताई,” आणि फोन आईकडे दिला.

आईला मी पेटीचं सांगितलं. झगेवाली परत आलीय, तिन्हीच्या तिन्ही, कोऱ्या करकरीत. आई हसली. मग तिने बाजारातला आवाज काढला.

“बरां झालां. गुडघे माजे गेले हत, मी मशीन फिरयतलंय. पण तू एकटी रिंगणात येव नको.”

“म्हणजे?”

“वाडीत घरात बसलेल्यो आता चौघी आसत. आधी त्येंका बोलावन हाड. पयली तुजी काकी.”

गगनबावड्याचा घाट उतरून तळेऱ्याला गाडी हायवेला लागली तेव्हा पेटी माझ्या मांडीवर होती आणि प्लेअर पायाशी. शेजारच्या बाईने विचारलं, “देवाचं काही हाय का?” मी म्हटलं, “देवीचं.” 

गौरीच्या दुपारी मी काकीच्या दारात उभी राहिले. काकी आता नव्वदीला टेकलीय. काठी मांडीवर आडवी टाकून पडवीत बसली होती. आमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, बायकांचा गलबला ऐकू येत होता, आणि ती तो ऐकत नसल्यासारखं करत होती.

मी म्हटलं, “काकी, आयेन बोलवल्यान.”

“माका कित्याक? माजा वय काय, माजी दशा काय!”

“ती म्हणता, वैनी इल्याशिवाय मशीन लावचंय नाय.”

काकीच्या तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. ही ‘नाही’ म्हणाली असती तर मी दुसऱ्या दाराशी गेले असते का, ते मला सांगता येत नाही.

“माका एकटीक बोलवतंस?”

“चौघींक.”

तिने काठी टेकली, माझ्या खांद्यावर हात दिला आणि उठली. दोन पायऱ्या उतरायला तिला माझा पूर्ण आधार लागला. खाली आल्यावर ती थांबली, मान वर करून तिने माझ्या रिकाम्या कपाळाकडे आणि मग सरळ डोळ्यांत पाहिलं.

“आणि तू? तू खेळतलंस मा, की नुसती आमका गोळा करून कोपऱ्यात बसतलंस?”

घाटावर इतकी वर्षं काढल्यावर तोंडातून आपसूक कोल्हापुरी मराठीच येते. त्या दिवशी आली नाही.

“खेळतलंय,” मी म्हटलं.